शब्द मालकांचा, तारीख माझी

तांबडा-पांढरा रस्सा संपत आला की आमच्या मालकांच्या तोंडून शब्द जातो, हे मला एव्हाना कळलं होतं. २०१७ सालच्या त्या रात्रीही तसंच झालं. पुण्याहून गिऱ्हाइकाकडचे दोन साहेब आले होते. दिवसभर आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, बघून झाली होती, ताटं पुढ्यात होती, आणि अण्णांनी, म्हणजे मालकांनी, वाटी बाजूला सारून सांगून टाकलं, "महिनाअखेर सहाशे नग तुमच्या गेटवर. काळजी सोडा."

साहेब खूश. मी भाकरीचा तुकडा हातात धरून मनातल्या मनात आकडेमोड करत होते. तो पार्ट म्हणजे पंपाची बॉडी. वजन ११ किलो, पण रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा, धरून एका साच्यात १८ किलो धातू ओतावा लागतो. आमची भट्टी ५०० किलोची, म्हणजे एका हीटमध्ये, भट्टीच्या एका भरणीत, २७ साचे. रात्रीत सात हीट धरल्या तर १८९. भट्टीच्या हिशेबानं सहाशे काही अवघड नव्हते. घोडं अडत होतं कोअरपाशी. पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा ठोकळा बसवतात, तो कोअर. त्या बॉडीचा कोअर बाहेरून करून यायचा आणि कोअरवाला दिवसाला चाळीसच्या वर द्यायचा नाही. महिन्याचे बारा दिवस उरले होते. बारा चोक अठ्ठेचाळीस, ४८०. त्यातून रिजेक्शन वजा केलं की साडेचारशे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "अण्णा, साडेचारशे होतील."

"सहाशे सांगितलंय मी."

"पण कोअर..."

"ते तू बघ की. मी शब्द दिलाय."

आमच्यातलं भांडण पुढची दोन-तीन वर्षं याच तीन वाक्यांत फिरत राहिलं. (त्या महिन्यात ४४६ गेले. उरलेले पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला. साहेबांचे फोन मला आले, अण्णांना नाही.)

मी मेटलर्जीचा डिप्लोमा करून २०११ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत वाळूच्या लॅबमध्ये लागले. वाळूत पाणी किती, ताकद किती, हे तासातासाला तपासायचं आणि वहीत लिहायचं. बायका लॅबमध्येच घ्यायच्या अशी तेव्हा पद्धत होती. फ्लोअरवर जायचं ते नमुना आणायला. अण्णांचे वडील उद्यमनगरात कोकची भट्टी लावून ऑइल इंजिनाचे सुटे भाग ओतायचे. अण्णांनी शिरोलीत शेड टाकली, विजेची भट्टी आणली, ट्रक, ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांची कामं मिळवली. गावाकडची माणसं गोळा केली. त्यातले निम्मे लोक शिये, नागाव, टोप या बाजूचे, आणि अण्णांना प्रत्येकाच्या घरचं माहीत. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोणाचा बाप दवाखान्यात आहे, कोणी उसाचं बिल आल्यावर पैसे परत करतो म्हणालाय, सगळं तोंडपाठ. कागदावर मात्र काहीही नाही. लॅबमधून प्लॅनिंगला आले तेव्हा महिन्याचं शेड्यूल कुठं आहे म्हणून विचारलं, तर मोल्डिंगच्या मुकादमानं स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

मग मानकाचा सोपस्कार आला. वाहनउद्योगाचं गुणवत्ता मानक बदलून आयएटीएफ १६९४९ झालं होतं, आणि सप्टेंबर २०१८ च्या आत जुनं प्रमाणपत्र नव्यावर न्यायचं होतं. ट्रक बनवणाऱ्या गिऱ्हाइकानं स्पष्टच सांगितलं, प्रमाणपत्र नाही तर नवा पार्ट नाही. फायली करायला कोणीतरी हवं होतं. अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "ताई, आजपासून तू वर्क्स मॅनेजर." पगार दोन हजारांनी वाढला. दारावर पाटी लागली. बाकी काहीच बदललं नाही.

ऑडिटरला मात्र पाटी पुरली नाही. या मानकात एक अट आहे, ती मी तोपर्यंत नुसती टाइप केली होती. माल खराब निघत असेल तर उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार ठरलेल्या माणसाकडे असला पाहिजे. आमच्या तक्त्यात त्या रकान्यात माझं नाव होतं. ऑडिटर फ्लोअरवर हिंडत हिंडत माझ्याजवळ थांबले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "शेवटचं उत्पादन तुम्ही कधी थांबवलंत?"

मला एकही प्रसंग आठवेना. अण्णा शेजारीच उभे होते, ते हसून म्हणाले, "आमच्याकडं थांबायची वेळच येत नाही, साहेब." ऑडिटरही हसले. पण वहीत काहीतरी लिहिलंच.

चारेक महिन्यांनी वेळ आली.

भट्टीच्या आत वाळूसारखा पदार्थ ठोकून भिंत केलेली असते. आम्ही तिला लायनिंग म्हणतो. बाहेरच्या बाजूला तांब्याची कॉइल, आणि कॉइलच्या पोटातून पाणी वाहतं. एकीकडे चौदाशे-साडेचौदाशे अंशांचा वितळलेला बिडाचा रस, दुसरीकडे पाणी, मध्ये ही एवढीशी भिंत. ती हीटगणिक झिजते. एक तृतीयांश झिजली की फोडून नवी ठोकायची, असा साधारण नियम. पॅनेलवर अर्थ लीकेजचा काटा असतो. रस कॉइलच्या दिशेनं सरकू लागला की तो काटा चढतो. त्या आठवड्यात काटा दोन दिवस हळूहळू चढत होता. मी लॉगबुकमध्ये रोज बघत होते आणि रविवारी भट्टी काढायची असं ठरवून बसले होते.

शनिवारी रात्री गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा. साठ साचे ओतायचे बाकी. तेव्हा रात्री दहा ते सहा वीज स्वस्त असायची, म्हणून आमचं ओतकाम रात्रीचंच. पहाटे तीनला मेल्टरचा फोन आला, "ताई, काटा लई वर गेलाय, पण मालक हितंच हाईत. चालू ठेवा म्हणत्यात." मी भावाला उठवून त्याच्या गाडीवरून गेले. अण्णा पांढऱ्या शर्टात भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर उभे. तिथं असले की माणसं दुप्पट काम करतात हे खरंच आहे. त्या रात्रीही मोल्डर घामाघूम होऊन हसत खिदळत साचे लावत होते.

"तीन हीट निघतील, मग बंद करू," अण्णा म्हणाले.

मी काटा बघितला. मेल्टरला म्हणाले, "भट्टी रिकामी करा. आत्ता."

"ताई, मी बोलतोय ना?"

"रिकामी करा."

चौदा माणसं बघत होती. मेल्टरनं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग भट्टी वाकवली आणि सगळा रस पिगच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या ठोकळ्यांच्या, साच्यांत ओतून टाकला. अण्णा म्हणाले, "माझ्या भट्टीवर मला सांगतीस?" आणि गाडीत बसून निघून गेले. ट्रक साठ नग कमी घेऊन गेला.

सोमवारी लायनिंग फोडली. खालच्या बाजूला एका ठिकाणी जेमतेम अंगठ्याएवढी जाडी उरली होती आणि तिच्या भेगेत बिडाची पातळ पापडी घुसून थिजलेली. मी तो तुकडा अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत, सलग सहा दिवस.

मला वाटत होतं मी जिंकले. मेल्टर मामा तीस वर्षं भट्टीवर आहेत, त्यांनी चहा पिताना सरळ सांगितलं, "तुमचं बरोबर हुतं ताई. पर चारचौघांत नगं हुतं." मला राग आला. भट्टी फुटली असती तर चारचौघं उरले असते का, असं म्हणाले. मामा म्हणाले, "ते बी खरं." आणि कप ठेवून उठले.

पण काटा दोन दिवस चढत होता, ते मला माहीत होतं, आणि मी ते शुक्रवारी अण्णांच्या कानावर घातलं नव्हतं. रविवारी काढायची हे माझ्या डोक्यात होतं. मोल्डिंगच्या मुकादमाच्या कपाळात शेड्यूल होतं म्हणून मी त्याला नावं ठेवत होते, आणि माझंही तेच चाललं होतं. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी ट्रक शनिवारी बोलावलाच नसता. निदान बोलावला नसता असं मला वाटतं.

सातव्या दिवशी अण्णा भट्टीवर गेले आणि सगळ्यांच्या देखत मामांना म्हणाले, "ताई बंद म्हणतील तवा बंद. मला इचारायचं न्हाई." मग केबिनमध्ये मला बोलावून दार लावून घेतलं आणि अर्धा तास झापलं. त्या झापण्यातून एक व्यवस्था निघाली, ती अजून चालू आहे. सकाळी पावणेनऊला दहा मिनिटं, उभ्यानं, दार बंद. मी त्यांना वाईट बातम्या सांगायच्या, म्हणजे काटा, रिजेक्शन, कोअर, कोण रजेवर. त्यांनी मला काल कोणाला काय कबूल केलं ते सांगायचं. या दहा मिनिटांत काय वाट्टेल ते बोलायचं. बाहेर आल्यावर एकच बोलायचं. लायनिंगचा तुकडा त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. पाहुण्यांनी विचारलं तर ते सांगतात, "आमच्या ताईंनी काढलाय."

त्याच सुमारास मला दोन दिवसांच्या एका शिबिरालाही पाठवलं होतं. वातानुकूलित हॉल, पडद्यावर दोन रकाने. डावीकडे लीडर, उजवीकडे मॅनेजर. एक स्वप्न बघतो, दुसरा बजेट बघतो, अशी यादी. हार्वर्डचे अब्राहम झालेझ्निक यांनी १९७७ मध्ये हे दोघे मुळात वेगळ्या घडणीचे असतात असं मांडलं, हे तिथंच कळलं. पुढे जॉन कॉटर यांनी ते वेगळ्या तऱ्हेनं मांडलं. बदल पेलणं हे नेतृत्वाचं काम आणि गुंतागुंत पेलणं हे व्यवस्थापनाचं, आणि धंद्याला दोन्ही लागतं. हे मला जास्त पटलं, कारण त्यात कोणी कमी प्रतीचं ठरत नाही. शिबिरातल्या सरांचा सूर मात्र असा होता की मॅनेजर म्हणजे अजून लीडर न झालेला माणूस. चहाच्या वेळी सगळे एकमेकांना "तू कोण, लीडर की मॅनेजर?" विचारत होते आणि झाडून सगळे लीडर निघाले. मग त्यांच्या कारखान्यांत कोअर कोण मोजत असेल कोण जाणे.

अण्णांची आवडती गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. मुंबईतली शिक्षकाची नोकरी, बेळगावचं सायकलींचं दुकान, लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार होईना ते दिवस, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेली माळरानाची जागा आणि १९१० मधली किर्लोस्करवाडी. नवा ट्रेनी आला की त्याला ही गोष्ट ऐकावीच लागते. एकदा मी मध्येच म्हणाले, "अण्णा, त्या माळावर वसाहत आखून तिचा कारभार बघितला तो त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी. हिशेब सांभाळले मंगेशराव रेग्यांनी. त्यांची गोष्ट कोण सांगायची?" अण्णा क्षणभर थांबले. "सांग की मग तू," म्हणाले. आता ट्रेनींना दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. बिचारे.

इथवर वाचून मालक आततायी आणि मॅनेजर शहाणी असं वाटेल. म्हणून २०१९ चं सांगते.

ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं. वाहतूक कित्येक दिवस बंद. आमची शेड उंचावर होती, तिला काही झालं नाही. पण माणसं येईनात, पिग येईना, माल जाईना. तसंही ते वर्ष वाहनउद्योगाला मंदीचं होतं, आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. मी घरी बसून बँकेच्या हप्त्याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात फाउंड्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा आवाज आला. "गडी हो, घरदार सांभाळा. जनावरं सोडवा. कारखान्याची काळजी करू नका. बंद दिवसांचा पगार कुणाचा बुडणार न्हाई."

मला न विचारता. ६२ माणसं, सरासरी ५२० रुपये हजेरी, आठ दिवस. दोन लाख ५७ हजार ९२०. हा आकडा मी तेव्हा कागदावर लिहिला आणि इतक्या जोरात अधोरेखित केला की कागद फाटला. फोन लावला. "अण्णा, कुठून द्यायचे?"

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "ते मला बी माहीत न्हाई. पर आत्ता सांगायला पायजे हुतं."

मी फोन ठेवला आणि कामाला लागले. पिगवाल्या व्यापाऱ्याचं बिल वीस दिवस पुढं ढकललं. दोन जुन्या गिऱ्हाइकांकडं अडकलेले पैसे होते, त्यांना रोज सकाळी दहाला फोन. पगार दोन भागांत, पहिला पाणी ओसरल्या ओसरल्या आणि दुसरा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. ग्रुपवर या तारखा मी टाकल्या. खाली एकानं लिहिलं, "ताईंनी तारीख टाकली म्हंजे मिळणार." अण्णांच्या निरोपाखाली साठ नमस्कार होते, माझ्या खाली एवढं एकच वाक्य. मी ते अजून पुसलेलं नाही.

रस्ता सुरू झाला त्या पहिल्या दिवशी ६२ पैकी ४७ जण आले. कित्येकांच्या घरात अजून चिखल होता. एकाच्या पँटवर गुडघ्यापर्यंत गाळाची रेघ तशीच. माझ्या अंदाजानं तीस येणार होते आणि मी तीसचंच प्लॅनिंग लावून ठेवलं होतं. सगळं पुन्हा करावं लागलं.

मशिनिंगच्या बाबतीत तर मी उघड उघड चुकले. लॉकडाऊननंतर अण्णांच्या डोक्यात आलं की व्हीएमसी घ्यायचं, म्हणजे ओतलेला पार्ट कापून, भोकं पाडून तयार करणारं संगणकी मशीन. मी तीन रात्री बसून तक्ता केला. मशीन, टूल, कुशल ऑपरेटर, व्याज. रोज दोन शिफ्ट पूर्ण भरल्याशिवाय परवडत नाही आणि आमच्याकडं एका शिफ्टचंही काम नक्की नाही, असं त्यातून निघालं. तक्ता बरोबरच होता. अण्णांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे विशेष. मग म्हणाले, "कास्टिंग आपण किलोवर विकतो. मशिनिंग केलेलं नगावर विकतात. जन्मभर किलोवर राहायचं का?"

मशीन आलं. सहा महिने निम्मा वेळ रिकामं उभं राहिलं, आणि रोज सकाळी पावणेनऊला मी त्याचे तास वाचून दाखवत होते, थोड्या खवचटपणानं. पण एक गोष्ट माझ्या तक्त्यात कुठंच नव्हती. पूर्वी आतले ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेल्या पोकळ्या, गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडे पडायचे. त्याची डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, आमच्याकडं यायला महिना-दीड महिना. तोवर त्याच चुकीचे शेकडो नग ओतून झालेले. आता तो ब्लोहोल आमच्याच शेडमध्ये दुसऱ्या दिवशी दिसू लागला. संध्याकाळी वाळूतलं पाणी तपासायचं, रात्री दुरुस्त करायचं. ज्या लॅबमधून मी आले, त्या लॅबच्या वहीला पहिल्यांदाच कोणीतरी रोज विचारू लागलं. दुसऱ्या वर्षी दोन शिफ्ट भरल्या. अण्णांनी मला एकदाही ऐकवलं नाही. त्यांनी ब्लोहोलचा विचार केला होता का, हे मी त्यांना विचारलंय. ते नुसते हसतात. केला नसावा.

मी मशिनिंगला नको म्हणाले, त्याबद्दल मात्र मला वाईट वाटत नाही. तो तक्ता नसता तर त्यांनी दोन मशीन घेतली असती. तशी कोटेशनं आलीच होती, मी बघितली आहेत.

दहा मिनिटं रोज नीट जातात असं नाही. कधी ती पाऊण तास चालतात, कधी अण्णा येतच नाहीत, आणि गेल्या पावसाळ्यात एकदा मी दार आपटून बाहेर आले ते अख्ख्या शेडनं ऐकलं. मामा आता निवृत्त झालेत, त्यामुळं चहा पिताना कान उपटणारं कोणी उरलेलं नाही.

परवा अण्णा इचलकरंजीला एका लग्नाला गेले होते. सकाळी पावणेनऊला आले आणि खिशातून लग्नाची पत्रिका काढून माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला पेननं लिहिलेलं, गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचं नाव, ४०० नग. पुढं "तारीख" असं लिहून मोकळी जागा सोडलेली.

"मांडवातच भेटले. म्हणालो, तारीख ताई सांगतील."

मी पेन उचललं. मग पत्रिका परत उलटीसुलटी करून बघितली. "अण्णा, साचा ज्यावरून काढायचा ते याचं पॅटर्न कुठं आहे?"

"येतंय की," ते म्हणाले, आणि फोन वाजल्यासारखं करून बाहेर गेले.